रद्दीवाला नेतो, मग कागद वाया कुठे जातो?

मार्च संपला की बहुतेक ऑफिसांमध्ये एक दिवस कपाटं उघडली जातात. जुने मसुदे, दुबार निघालेल्या प्रिंट, मुदत उलटलेली परिपत्रकं, कोणी न्यायलाच न आलेल्या झेरॉक्स, सगळ्यांचे गठ्ठे सुतळीने बांधून दाराशी येतात. रद्दीवाला काटा लावतो, वजन होतं, आलेले पैसे चहाच्या खात्यात जमा होतात. सगळ्यांनाच बरं वाटतं. कागद वाया गेला नाही, तो गिरणीत जाईल आणि त्याचा पुन्हा कागद होईल.

हा समज खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. आपल्याकडची रद्दीची साखळी खरोखर वाखाणण्यासारखी आहे. हातगाडीवाला, रद्दीचं दुकान, गोदाम, ठोक व्यापारी आणि शेवटी गिरणी असा कागदाचा प्रवास कुठल्याही सरकारी योजनेविना वर्षानुवर्षं चालू आहे. पण कागद असा फिरून परत येत असेल, तर ऑफिसात कागद वाचवण्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असा प्रश्न पडतो. तो रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायला आधी कागद कशाचा बनलेला असतो ते पाहावं लागेल.

एक तुकडा फाडून पाहा

वर्तमानपत्राचं पान एका दिशेने फाडलं तर सरळ फाटत जातं, दुसऱ्या दिशेने फाडलं की वेडंवाकडं. फाटलेली कड उजेडासमोर धरली की तिला बारीक केसांसारखी लव दिसते. ती लव म्हणजेच कागदाचे तंतू. यंत्रावर कागद तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने आडवे पडतात, म्हणून त्या दिशेने तो सहज फाटतो.

हे तंतू सेल्युलोजचे असतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब असतो, तर आपल्याकडच्या निलगिरीचा किंवा सुबाभळीचा एक मिलिमीटरच्या आसपास. बांबूचा या दोहोंच्या मधे बसतो. तंतू जितका लांब तितका कागद चिवट. ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

हे तंतू एकमेकांना धरून ठेवायला मुख्यतः गोंद लागत नाही. लगद्यातलं पाणी निथळलं आणि वाळलं, की तंतू एकमेकांच्या अगदी निकट येतात आणि त्यांच्या पृष्ठभागांवरचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. याला हायड्रोजन बंध म्हणतात. एक बंध दुबळा असतो, पण असंख्य बंध मिळून पानाला ताकद देतात. पाणी पडलं की ते बंधांच्या मधे शिरतं आणि पानाचा पुन्हा लगदा होतो. भिजलेला कागद हातात तुटतो तो याच कारणाने, आणि रद्दीपासून पुन्हा कागद करता येतो तोही याच कारणाने.

झाडात मात्र हे तंतू मोकळे नसतात. लिग्निन नावाचा पदार्थ त्यांना घट्ट जखडून ठेवतो. वर्तमानपत्राच्या कागदात हे लिग्निन बऱ्याच प्रमाणात तसंच राहिलेलं असतं, म्हणून उन्हात पडलेलं वर्तमानपत्र दोन-चार दिवसांत पिवळं पडतं. ऑफिसचा पांढरा कागद पांढराच राहावा यासाठी लाकडाचे तुकडे रसायनांत शिजवून लिग्निन विरघळवून काढतात. या शिजवण्यात लाकडाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग लगद्यातून निघून जातो. तो अगदीच फुकट जात नाही. शिजवणीतून निघालेला हा भाग काळ्या द्रावाच्या रूपात असतो. चांगल्या गिरण्या तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात, रसायनंही परत काढतात. त्यानंतर विरंजन, म्हणजे उरलेला तपकिरी रंग घालवणं. या सगळ्याला भरपूर पाणी लागतं आणि ते पाणी घाण होऊन बाहेर पडतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक ठरवलेल्या १७ उद्योगगटांत कागद आणि लगदा उद्योग आहे तो यामुळे.

महाराष्ट्रातली या धंद्याची ओळखीची जागा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारपूर. १९४५ मध्ये तिथल्या कागद कंपनीची स्थापना झाली आणि आजूबाजूच्या जंगलांतला बांबू तिचा कच्चा माल झाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने आपल्या सामूहिक वनहक्कातला बांबू स्वतः तोडून विकण्याचा अधिकार २०११ मध्ये प्रत्यक्षात मिळवला. त्या लढ्याला बांबू आणि कागद यांच्या या जुन्या नात्याची पार्श्वभूमी होती. आज देशातल्या लाकडावर चालणाऱ्या गिरण्यांना शेतकऱ्यांनी शेतात आणि बांधावर लावलेली निलगिरी, सुबाभूळ, सुरू ही झाडं मोठ्या प्रमाणात पुरवली जातात. त्यामुळे ‘एक रीम म्हणजे अमुक इतकं जंगल’ असं सरळ गणित मांडणं मला पटत नाही. पण जमीन, पाणी, रसायनं आणि इंधन तर खर्ची पडतंच, आणि कागद वापरला एक मिनिट की दहा वर्षं याने त्या खर्चात काही फरक पडत नाही.

पावणेपाच ग्रॅमचं पान

रीमच्या वेष्टनावर ‘७५ जीएसएम’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम. ए४ या मापाची गंमत अशी, की त्याची मुळं बरोबर एक चौरस मीटरच्या ए० या पानात आहेत. ए०ची अर्धी घडी म्हणजे ए१, त्याची अर्धी ए२, असं करत चौथ्या घडीला ए४ येतं. म्हणजे एका चौरस मीटरात १६ पानं. ७५ला १६ने भागलं की एका पानाचं वजन येतं साधारण ४.७ ग्रॅम, आणि ५०० पानांची रीम भरते सुमारे २.३ किलो.

आता समजा, ४० माणसांचं एक ऑफिस आहे. दर माणशी रोज २० पानं छापली जातात आणि वर्षाला २५० दिवस काम चालतं. ही पानं दोन लाख होतात. रीम ४००, वजन ९४० किलोच्या आसपास. नव्या लाकडापासून केलेला पांढरा कागद असेल, तर एका रीममागे साधारण चार किलो कोरडं लाकूड धरावं लागतं. म्हणजे या ऑफिसामागे वर्षाला दीड टनाहून जास्त. रोजची २० पानं कोणाच्याच नजरेत भरत नाहीत, म्हणून हा आकडा वर्षाच्या मापाने पाहावा लागतो.

गिरणीत रद्दीचं काय होतं

रद्दीच्या गोदामात पहिलं काम निवडीचं. पांढरा ऑफिसचा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. बायामाणसं बसून हातांनी ही निवड करतात, आणि पुढच्या कागदाचा दर्जा बराचसा इथेच ठरतो.

गिरणीत गठ्ठे एका मोठ्या हौदात पडतात. तळाशी फिरणारी पाती कागद पाण्यात घुसळतात आणि त्याचा लगदा होतो. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना जड असल्याने चाळण्या आणि भोवऱ्यासारखे फिरणारे शुद्धक त्यांना बाजूला काढतात. स्टेपलची पिन काढत बसण्याची एवढी गरज नसते ती यामुळे. खरी अडचण प्लास्टिक, चिकटपट्टी आणि स्टिकरच्या डिंकाची. तो डिंक मऊ पडून चाळणीतून निसटतो आणि पुढे कागदावर डाग पाडतो किंवा यंत्राला चिकटून बसतो.

मग येतो शाई काढण्याचा टप्पा. लगद्यात साबणासारखी रसायनं घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. लेझर प्रिंट आणि झेरॉक्सच्या बाबतीत हे काम जरा कठीण जातं. तिथे शाई नसतेच. टोनर म्हणजे काजळी मिसळलेली प्लास्टिकची बारीक भुकटी. यंत्रातला तापलेला रूळ ती वितळवून कागदात बसवतो. गिरणीत ती चपट्या पापुद्र्यांच्या रूपात सुटते, आणि सगळेच पापुद्रे बुडबुड्यांबरोबर वर येत नाहीत.

आता घट पाहू. ऑफिसच्या पांढऱ्या कागदात वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तंतू नसतोच. पान गुळगुळीत आणि अपारदर्शक व्हावं म्हणून खडूच्या जातीची पांढरी भुकटी त्यात भरलेली असते. धुताना ती मोठ्या प्रमाणात निघून जाते. तुटलेले बारीक तंतूही तिच्याबरोबर गाळात जातात. उरलेल्या तंतूंचंही वय झालेलं असतं. एकदा पूर्ण वाळलेला तंतू पुन्हा भिजवला तरी पूर्वीइतका फुगत नाही. त्याच्या अंगातली सूक्ष्म छिद्रं मिटलेली असतात, तो ताठर होतो आणि शेजारच्या तंतूला पूर्वीसारखा बिलगत नाही. घुसळण्यात त्याची लांबीही घटते. एक तंतू अशा पाच ते सात फेऱ्या सोसतो असा अंदाज सहसा दिला जातो, पण प्रत्येक फेरीत तो एक पायरी खाली उतरतो.

आपल्या घरांत लुगड्याचं हेच होत आलं आहे. नेसून विरलेल्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी झिजली की पायपुसणं होतं, आणि पायपुसण्याचा शेवटी एक बोळा उरतो. यात काहीच वाया गेलं नाही, ही आजीची हुशारी खरीच. पण गोधडीतून लुगडं परत निघत नाही. नेसायला लुगडं हवंच असेल, तर नवा कापूस लागतो. ऑफिसच्या पांढऱ्या पानाचंही असंच आहे. त्याचा पुढे बऱ्याचदा खोक्यांचा राखाडी पाठीचा पुठ्ठा होतो, टिश्यू होतो, कधी वर्तमानपत्राचा कागद होतो. टिश्यू झाला की प्रवासच संपतो, कारण टिश्यू कोणी रद्दीत घालत नाही. रद्दीतून पुन्हा छपाईचा पांढरा कागद करणाऱ्या गिरण्या आहेत, पण घट भरून काढायला आणि ताकद टिकवायला साखळीत कुठेतरी नवे लांब तंतू घालत राहावंच लागतं. भारतातल्या गिरण्या दरवर्षी परदेशांतून लक्षावधी टन रद्दी जहाजांनी आणतात. आपल्याकडे जमणारी रद्दी पुरत नाही हे त्याचं एक कारण, आणि अमेरिकेतल्या रद्दीत सूचिपर्णी झाडांचे लांब तंतू मिळतात हे दुसरं.

म्हणजे रद्दीवाल्याने नेलेलं पान वाया जात नाही हे खरं, पण त्याच्या जागी उद्या रीममधून जे पान काढायचं, ते बहुतांशी नवंच असतं.

> चौकट : रद्दी देण्याआधी
>
> पांढरा कागद वेगळा ठेवावा. पुठ्ठा, रंगीत फायली आणि वर्तमानपत्रं यांत मिसळला की त्याची किंमत आणि उपयोग दोन्ही उतरतात.
>
> चहाचे कागदी कप यात घालू नयेत. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. साध्या गिरणीत तो सुटत नाही.
>
> एटीएमच्या आणि कार्ड-मशीनच्या पावत्याही नकोत. त्या उष्णतेने काळ्या पडणाऱ्या रसायनाचा लेप दिलेल्या असतात. ते रसायन बऱ्याचदा बिसफेनॉल जातीचं असतं आणि ते लगद्यात उतरतं.
>
> श्रेडर गोपनीय कागदापुरताच वापरावा. त्यात तंतूच कापले जातात, आणि बारीक चुरा चाळणीतून निसटतो.
>
> कागद ओल्या कचऱ्यात जाऊ देऊ नये. डबा, चहा आणि फळांच्या साली यांच्यात मिसळलेला कागद कचराभूमीवर जातो. तिथे ढिगाखाली हवेविना कुजताना मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते.

प्रत काढणं सोपं झालं तेव्हा

टाइपरायटरच्या काळात पत्राच्या प्रती काढायला मधे कार्बन घालावा लागे. चौथी-पाचवी प्रत इतकी फिकी निघे, की वाचायला उजेडात न्यावी लागे. त्यामुळे टायपिस्ट आधी विचारायचा, ‘साहेब, प्रती किती?’ त्या प्रश्नानेच कितीतरी प्रती जन्माला येण्याआधी थांबत. जास्त प्रती हव्या तर सायक्लोस्टाइल. त्यासाठी स्टेन्सिल कापायचा, शाईने हात काळे करायचे. प्रतीला कष्ट पडत होते, म्हणून तिला मोल होतं.

२२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विजेच्या जोरावर कोरड्या भुकटीने पहिली प्रत उमटवली. त्या तंत्रावरचं झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९मध्ये आलं. पुढे झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझरच्या किरणाने थेट संगणकातला मजकूर छापण्याची युक्ती काढली, आणि १९८०च्या दशकात लेझर प्रिंटर टेबलावर मावेल एवढा झाला. आता प्रत काढायला एक बटण पुरतं आणि ‘प्रती किती?’ असं विचारायला कोणी उरलेलं नाही.

‘बिझनेसवीक’ या अमेरिकी साप्ताहिकाने १९७५मध्ये भविष्यातल्या ऑफिसावर लेख छापला, तेव्हापासून बिनकागदी ऑफिसची वाट पाहिली जात आहे. ॲबिगेल सेलेन आणि रिचर्ड हार्पर यांनी २००१च्या सुमारास ऑफिसांमधल्या कागदावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांना आढळलं, की ई-मेल आल्यावर संस्थांमधला कागदाचा वापर घटला नव्हता, सरासरी ४० टक्क्यांनी वाढला होता. कारण उघड होतं. ई-मेलने मजकूर सगळ्यांकडे पोहोचवला, आणि पोहोचलेला मजकूर ज्याने-त्याने आपापल्या प्रिंटरवर छापून घेतला.

आपल्याकडचं एक परिपत्रक डोळ्यांसमोर आणा. मजकूर आठ ओळींचा. खाली मात्र ‘प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव’ अशी लांबलचक यादी, आणि शेवटी ‘स्थळप्रत’. ते ई-मेलने जिल्ह्याला जातं. तिथे आवक-जावक शाखा प्रिंट काढून त्यावर आवक क्रमांक घालते. साहेब कोपऱ्यात शेरा मारतात. शेऱ्यासह त्याच्या झेरॉक्स निघतात आणि चार टेबलांवर जातात. एक टेबल त्याला आपलं पत्र जोडून, पुन्हा स्कॅन करून तालुक्यांना ई-मेल करतं. तालुक्यात परत पहिल्यापासून. आठ ओळींसाठी ज्या पन्नास-साठ प्रती निघाल्या, त्यातली एकही कोणी बेफिकिरीने काढलेली नाही. प्रत्येकाला आपल्या टेबलाचा पुरावा हवा होता, किंवा शेरा मारायला जागा हवी होती.

म्हणून ‘कागद वाचवा, झाडं वाचवा’ या पाटीचा फारसा उपयोग होत नाही असं मला वाटतं. ती पाटी माणसाच्या मनाला हात घालते, आणि कागद मात्र मनातून निघत नाही, कामाच्या रीतीतून निघतो. ऑफिसातला कागद मुळात दोन तऱ्हांचा असतो. एक वाचायचा, दुसरा पुराव्याचा. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

वाचायचा कागद

हा अल्पायुषी असतो. सकाळी छापला, बैठकीत चाळला, संध्याकाळी टोपलीत. २००६मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी पुसून पुन्हा वापरता येईल असा कागद दाखवला, तेव्हा त्यांचं निरीक्षण होतं की ऑफिसात छापलेल्या दर पाच पानांपैकी सुमारे दोन पानं त्या दिवसापुरतीच लागतात.

माणसं वाचायला कागद का घेतात याची कारणं खरी आहेत. दोन पत्रकं शेजारी ठेवून आकडे ताडायचे असतात, पेनाने खूण करायची असते, मागचं पान उलटून पाहायचं असतं. एका लहान पडद्यावर हे धड जमत नाही. हिशेबाच्या टेबलाला दुसरा मोठा पडदा दिला, तर ताडून पाहण्यासाठी निघणारी बरीचशी पानं आपोआप थांबतात. एक्सेलचा तक्ता छापताना शेवटचा एक स्तंभ पुढच्या पानावर सांडतो आणि वीस पानांची चाळीस होतात, हा अनुभव कोणाला नाही? छापण्याआधी ‘रुंदी एका पानात बसवा’ ही सोय निवडली की काम भागतं. ती सोय ऑफिसातल्या सगळ्यांना एकदा कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवी. परिपत्रक काढून ती कोणी शिकत नाही.

पाठपोट छपाईचीही कथा हीच. स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात योहान एगेबार्क आणि मॅथियस एकस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विभागांत लोकांना पाठपोट छापण्याची विनंती करणारा संदेश दिला. काही विभागांत कोणाला विनंती केली नाही, प्रिंटरची मूळ मांडणी तेवढी बदलली. आपण काही न निवडता बटण दाबलं तर कागद दोन्ही बाजूंनी छापला जाईल, आणि एकाच बाजूने हवा असेल तर तसं निवडावं लागेल. विनंतीने काहीच फरक पडला नाही. मांडणी बदलल्यावर कागदाचा वापर १५ टक्क्यांनी उतरला आणि काही महिन्यांनंतरही तो तसाच राहिला. निम्मा का उतरला नाही? एकपानी कागदाला पाठपोटाचा फायदा नसतो, आणि काही जण आधीपासूनच तसं छापत होते.

आपल्या प्रिंटरमध्ये ही मांडणी एकदाच करायची असते. तिच्या जोडीला मोठ्या ऑफिसांत आणखी एक सोय चांगली ठरते. टेबलावरून प्रिंट दिली की ती लगेच निघत नाही, यंत्राजवळ जाऊन आपला क्रमांक टाकल्यावर किंवा कार्ड टेकवल्यावरच निघते. कोणी न नेलेल्या, चुकून दोनदा दिलेल्या प्रिंट यात छापल्याच जात नाहीत. तरीही जी एकाच बाजूने छापलेली पानं उरतात, त्या पाठकोऱ्या कागदांच्या टाचणवह्या शिवाव्यात. आपल्या घरांत मुलांच्या कच्च्या वह्या अशाच होत असत.

मराठी ऑफिसांत वाचायच्या कागदाचं आणखी एक खास कारण होतं. जुने मराठी फॉन्ट देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. तुमच्या संगणकावर टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा घोळ होऊन दिसायचा. त्यामुळे मराठी पत्र बिनचूक पोहोचवायचा खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे कागद. युनिकोडने हे सोडवलं. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरलेला आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, कुठल्याही यंत्रावर. ज्या ऑफिसांत आजही जुन्या फॉन्टमधले नमुने चालतात, तिथे ते युनिकोडमध्ये आणणं हे कागद वाचवण्याचंच काम आहे, जरी कोणी त्याकडे तसं पाहत नसलं.

पुराव्याचा कागद

खरा गुंता इथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली १७ ऑक्टोबरपासून लागू झाला आणि त्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि सहीला मान्यता दिली. तरीही रोज कितीतरी ठिकाणी पत्र छापून, सही करून, स्कॅन करून, ई-मेलने पाठवलं जातं, आणि पलीकडे ते पुन्हा छापलं जातं. याचं एक कारण असं, की डिजिटल सही म्हणजे नेमकं काय हे फार थोड्यांना समजावून सांगितलं गेलं आहे.

ती सहीचं चित्र नसते. संगणक आधी पूर्ण फाइलवर एक गणिती क्रिया करतो आणि तिच्यातून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो. फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, आकड्याची लांबी तीच. पण मजकुरातला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी आकडा पार बदलतो. मग अधिकाऱ्याच्या डोंगलमध्ये असलेल्या गुप्त किल्लीने तो आकडा कुलूपबंद केला जातो आणि फाइलला जोडला जातो. या गुप्त किल्लीची जोडीदार किल्ली सगळ्यांसाठी खुली असते. वाचणाऱ्याचा संगणक खुल्या किल्लीने जोडलेला आकडा उघडतो, फाइलचा आकडा स्वतः नव्याने काढतो, आणि दोन्ही ताडून पाहतो. जुळले तर दोन गोष्टी सिद्ध होतात. सही त्याच अधिकाऱ्याच्या किल्लीने झाली, आणि सहीनंतर मजकुरात काही फिरवाफिरव झाली नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ही सही फाइलला असते, कागदाला नसते. फाइल छापली की आकडा गेला, किल्ली गेली, आणि कागदावर उरलं ते बरोबरच्या खुणेचं चित्र. ते चित्र कोणीही छापू शकतो. पुरावा म्हणून प्रिंट मागणारा माणूस पक्का पुरावा बाजूला सारून कच्चा हातात घेतो.

महाराष्ट्रात २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. त्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर दिसतो. शेतकरी हा उतारा छापून बँकेत नेतो आणि तिथे पुष्कळदा त्याच्याकडे आणखी दोन झेरॉक्स मागितल्या जातात. त्या तीन पानांत मिळून जेवढी खात्री आहे, त्याहून जास्त त्या क्रमांकात आहे. डिजिलॉकरचंही तसंच. ही सेवा २०१५मध्ये सुरू झाली, आणि तिथून दिलेली कागदपत्रं मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत असा नियम २०१७मध्ये झाला. नियम आहे, पण खिडकीवर ‘झेरॉक्स जोडा’ हे शब्द तसेच आहेत.

कागदाने पुरावा सुरक्षित राहतो हाही भरवसा धरण्यासारखा नाही. २१ जून २०१२ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत हजारो नस्त्या जळाल्या. ज्यांची दुसरी प्रत कुठे नव्हती, त्या जुळवायला लोकांना दारोदार फिरावं लागलं. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवलेला दस्तऐवज या बाबतीत कागदाहून भरवशाचा. आणि जिथे कागद लागतोच, तिथे न्यायालयांसारखी जुनी रीत जपणारी संस्थाही बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०पासून एकाच बाजूने छापण्याची प्रथा सोडून ए४ कागदावर पाठपोट छपाई स्वीकारली.

सरकारी ऑफिसांत कोणता कागद किती काळ ठेवायचा याची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आधीपासून आहे. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या ‘सहा गठ्ठे पद्धती’त नष्ट करायच्या कागदांचा वेगळा गठ्ठाच असतो. ही पद्धत फार शहाणपणाची आहे आणि ती छापण्याआधी वापरली तर तिचा उपयोग दुप्पट होईल. जो कागद वर्षाने नष्टच करायचा, त्याची स्थळप्रत छापायची कशाला? तो संगणकावर जन्मावा आणि तिथेच मुदत संपून जावा. छापील प्रतीचा मान ‘अ’ वर्गातल्या कागदांना द्यावा, आणि तो चांगल्या, टिकाऊ कागदावर द्यावा.

पडदाही काही हवेतून येत नाही. त्याच्यामागे खाणी आहेत, वीज आहे, शेवटी ई-कचरा आहे. केवळ कागद वाचवायचा म्हणून प्रत्येकाला नवा टॅब देणं हा सौदा तपासूनच करावा. पण जो संगणक दिवसभर चालूच आहे, त्यावर चार पानं जास्त वाचल्याने वाढणारा खर्च अगदी किरकोळ असतो.

खिडकीवरचा कारकून झेरॉक्स मागतो तो हट्टाने नाही. उद्या लेखापरीक्षक आले, नस्ती उघडली आणि उतारा दिसला नाही, तर जाब त्याला द्यावा लागणार असतो. एकट्या कारकुनाला कागद सोडायला सांगणं म्हणजे त्याला उघड्यावर टाकणं आहे. त्याच्या पाठीशी लेखी आदेश हवा, आणि तो तपासणाऱ्याच्या बाजूनेही मान्य झालेला हवा. आदेश फार मोठा लागत नाही. ‘डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याची छापील प्रत घेऊ नये. पडताळणी क्रमांक, पडताळणीचा दिनांक व पडताळणी करणाऱ्याचे नाव नस्तीत नोंदवावे. हीच नोंद लेखापरीक्षणासाठी ग्राह्य धरण्यात येईल.’ एवढ्या तीन ओळी कार्यालयप्रमुखाच्या सहीने निघाल्या, लेखा शाखेने त्यांना संमती दिली, आणि खिडकीवरच्या पाटीतले ‘झेरॉक्स जोडा’ हे दोन शब्द काढून तिथे ‘पडताळणी क्रमांक सांगा’ असं लिहिलं, की त्या खिडकीपुरता पुराव्याचा कागद थांबतो.